आंबट सालीचा प्रवास

मनुष्य लठ्ठ होतो तो तोंडानें, आणि पुढें रोड व्हावयासहि तो तोंडाचाच मार्ग शोधतो. खाणें कमी करावें, पायांनीं चालावें, हा उपाय सर्वांस ठाऊक असतो. परंतु जेवण आहे तेंच ठेवून वरून एखादी मात्रा घ्यावी आणि मेद आपोआप झडून जावा, ही आशा फार जुनी आणि फार चिवट आहे. ह्या आशेच्या बळावर विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत जो मोठा व्यापार उभा राहिला, त्यांतील एक प्रमुख वस्तु मलबारच्या स्वयंपाकघरांतून तिकडे गेलेली होती. तिची बहीण कोंकणांतल्या घरोघरच्या फडताळांत बरणींत बसलेली आहे, म्हणून ही हकीकत मराठी माणसास अगदींच परकी नाहीं.

मलबारांत त्या वस्तूस कुडमपुळी म्हणतात. झाड सदाहरित, पश्चिम घाटाच्या पावसाळी रानांत वाढणारें. फळ पिवळसर, उभ्या खांचा पडलेलें, लहानशा भोपळ्यासारखें. त्या फळाची साल काढून उन्हांत वाळवितात व मग चुलीवरच्या धुरांत धरतात, तेव्हां ती कोळशासारखी काळी होते. त्या मुलखांतलें माशाचें कालवण ह्या सालीवांचून पुरें होत नाहीं. सिंहलद्वीपांत हिलाच गोरका म्हणतात, आणि बांगडे मिठांत घालून पिंपांत मुरवितांना त्यांत हिच्या साली टाकावयाची जी जुनी रीत आहे, तिला कोलंबोच्याच नांवानें ओळखतात. आंबटपणामुळें मासा टिकतो, हें तेथील कोळ्यांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीं समजलेलें होतें. कोंकणांतला रातांबा ह्याच कुळांतला. त्याचें फळ मात्र लालजांभळें. त्याच्या सालीचें आमसूल होतें, रसाचें आगळ होतें, बियांचें मुठेल होतें. एका फळांतून इतकीं कामें काढून घेणारी कोंकणी गृहिणी कोणत्याहि कारखानदारास लाजवील. संस्कृत वैद्यक रातांब्याला वृक्षाम्ल म्हणतें, आणि त्याचें तिथलें मुख्य काम भूक व पचन सुधारण्याचें आहे. ज्या फळानें भूक लागते त्याच्याच कुळाची पुढें भूक मारण्याविषयीं ख्याति व्हावी, हा योगायोग गमतीचा खरा!

युरोपी लोकांची ह्या कुळाशीं पहिली गांठ गोव्यांत पडली. गार्सिया द ओर्त ह्या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत आपला वनस्पतींवरील संवादग्रंथ छापला. त्यांत ‘ब्रिंदाँव’ नांवाच्या आंबट फळाचा उल्लेख आहे. हा शब्द म्हणजे भिरंड ह्या स्थानिक नांवाचेंच पोर्तुगीज रूप. पुढें शंभर वर्षांनीं कोचीन येथें डच कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींचा एक विशाल ग्रंथ सिद्ध करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ ह्या नांवानें त्याचे १२ भाग ॲम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ ह्या काळांत निघाले, आणि पहिल्याच भागांत कुडमपुळीचें चित्र व वर्णन आहे. ह्या ग्रंथाला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन् नांवाचा मल्याळी वैद्य जसा होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्यहि होते. त्यांनीं १६७५ सालीं लिहून दिलेलें प्रमाणपत्र ग्रंथांत नागरी लिपींत जसेंच्या तसें छापलें आहे. परदेशांत छापलेल्या नागरी अक्षरांच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांत ह्या पानाची गणना होते.

ह्यानंतर नांवाचा एक घोटाळा झाला. कंबोडियाकडून ‘गंबोज’ नांवाचा एक पिवळा डिंक युरोपांत जात असे. चित्रकार त्याचा रंग करीत आणि वैद्य त्याचा जालीम रेच म्हणून उपयोग करीत. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस ह्यानें ऱ्हीडच्या ग्रंथांतलें कुडमपुळीचें झाड म्हणजेच त्या डिंकाचें झाड, असें समजून त्याला त्या डिंकाचेंच नांव देऊन टाकलें. वस्तुतः तो डिंक कुळांतल्या दुसऱ्याच झाडांचा. पण नांव चिकटलें तें चिकटलें. ‘गार्सिनिया कंबोजिया’ हें जें नांव पुढें लाखों बाटल्यांवर झळकलें, तें असें मलबारच्या फळावर लादलेलें कंबोडियाच्या जुलाबाचें नांव आहे. शास्त्रज्ञ आतां त्याला ‘गार्सिनिया गम्मीगट्टा’ म्हणतात. म्हणजे देशाचें नांव गेलें, तरी डिंकाचें राहिलेंच.

ह्या सालींत आंबटपणा कोणत्या अम्लाचा, ह्याचा नीट निवाडा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झालेला नव्हता. कोणी चिंचेंतलें टार्टारिक अम्ल म्हणत, कोणी लिंबांतलें सायट्रिक. निवाडा झाला तो म्हैसुरास. तेथील चेलुवांबा महालांत १९५० सालीं केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. देशांत होणारीं फळें, धान्यें, मसाले ह्यांचें शास्त्रशुद्ध परीक्षण करावें आणि तीं टिकविण्याच्या युक्त्या काढाव्या, हें तिचें काम. ह्या संस्थेंतील लुईस आणि नीलकंठन् ह्या संशोधकांनीं १९६५ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं कुडमपुळींतलें मुख्य अम्ल टार्टारिकहि नव्हे आणि सायट्रिकहि नव्हे. तें हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल आहे. लिंबाच्या अम्लाच्या रेणूवर एक जास्तीचा गट बसविला म्हणजे तें तयार होतें. वाळलेल्या सालींत त्याचें प्रमाण शेंकडा १० ते ३० पर्यंत भरतें. हेंच अम्ल कोंकणच्या रातांब्यांतहि आहे. तांबड्या अंबाडीच्या बोंडांतहि ह्याचा एक भाऊबंद सांपडतो; मात्र त्याच्या रेणूंतील अणूंची मांडणी निराळी, म्हणून त्याचे गुणहि निराळे. म्हैसुरच्या शोधामागें रोड करण्याची कल्पनाहि नव्हती. स्वयंपाकांतल्या एका पदार्थाचें खरें स्वरूप कळावें, एवढाच त्याचा हेतु होता, आणि तो उत्तम साधला.

त्या अम्लाचें भाग्य बदललें तें अमेरिकेंत. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रँडाइस विद्यापीठांत लोवेनस्टाईन नांवाचे प्राध्यापक शरीरांत चरबी कशी घडते ह्याचा अभ्यास करीत होते. ती घडण्याची रीत थोडक्यांत अशी: खाल्लेली साखर वा पिष्ट गरजेपेक्षां जास्त झालें, कीं पेशींत त्यापासून सायट्रिक अम्ल होतें, एक विवक्षित एन्झाइम त्या अम्लाचे दोन तुकडे करतें, आणि त्यांतल्या एका तुकड्याचे मणी ओंवल्यासारखे एकापुढें एक जोडीत जाऊन चरबीची सांखळी तयार होते. म्हणजे हें एन्झाइम साखरेकडून चरबीकडे जाणाऱ्या वाटेवरचें फाटकच होय. लोवेनस्टाईन व त्यांचे सहकारी ह्यांना १९६९ सालीं असें आढळलें, कीं कुडमपुळीचें अम्ल त्या फाटकांत जाऊन घट्ट बसतें. रूप सायट्रिक अम्लाचें, म्हणून एन्झाइम त्याला धरतें. पण एक गट जास्त, म्हणून त्याला तोडूं शकत नाहीं. कुलुपांत चुकीची किल्ली अडकून बसावी आणि खऱ्या किल्लीला वाव राहूं नये, तसा हा प्रकार. १९७१ मध्यें जिवंत उंदरांच्या यकृतांतहि ह्या अम्लानें चरबीची घडण मंदावते असें दाखविण्यांत आलें, आणि १९७३ सालीं लठ्ठपणावर ह्या अम्लाचा उपयोग करण्याबद्दलचें पेटंट लोवेनस्टाईन ह्यांच्या नांवें नोंदलें गेलें.

त्याच सुमारास हॉफमन-ला-रोश ह्या औषधकंपनीच्या न्यूजर्सींतील प्रयोगशाळेंत ॲन सलिव्हन आणि त्यांच्या मंडळींनीं उंदरांवर विस्तृत प्रयोग केले. अम्ल दिलेले उंदीर कमी खात व कमी लठ्ठ होत. हे प्रयोग खरे होते, आणि ते करणारे लोक प्रामाणिक होते. परंतु त्या उंदरांना दिवसांतून ठराविक वेळींच अन्न मिळे, आणि तें अन्न जवळजवळ सगळें साखरेचें, चरबी नांवालाच असलेलें, असें असे. ही गोष्ट पुढच्या जाहिरातदारांनीं कधींच सांगितली नाहीं. रोश कंपनीनें ह्या अम्लापासून माणसांकरितां औषध म्हणून कांहीं बाजारांत आणलें नाहीं. औषध म्हणून विकावयाचें, तर तें गुणकारी व निर्धोक आहे हें सरकारपुढें सिद्ध करावें लागतें, आणि तो मार्ग लांबचा असतो.

जवळचा मार्ग १९९४ सालीं निघाला. त्या वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें ‘आहारपूरक’ पदार्थांविषयीं एक कायदा मंजूर केला आणि ऑक्टोबर महिन्यांत अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं त्यावर सही केली. ह्या कायद्यानें वनस्पती, जीवनसत्त्वें इत्यादिकांच्या गोळ्या औषधांतून निघून अन्नाच्या पंक्तींत जाऊन बसल्या. विकण्यापूर्वीं त्यांची परीक्षा होण्याचें कारण उरलें नाहीं. उलट अपाय झालाच, तर तो गोळीमुळें झाला हें सिद्ध करण्याचा भार सरकारी खात्यावर पडला. ‘अमुक रोग बरा होतो’ असें बाटलीवर लिहावयाचें नाहीं, एवढें बंधन राहिलें; पण लठ्ठपणा घालविण्याची आशा सूचित करण्यास शब्दांची वाण कधीं पडली आहे? कुडमपुळीच्या सालीचा अर्क हा अशा व्यापारास अगदीं जुळणारा माल होता. नैसर्गिक, पूर्वेकडचा, उंदरांवरच्या प्रयोगांचा पाठिंबा असलेला, आणि शेंकडों वर्षें लोकांच्या पोटांत जात असलेला. अम्ल नुसतें ठेविलें तर त्याचें रूप पालटतें, म्हणून त्याचे चुन्याशीं वा पोटॅशशीं केलेले क्षार निघाले आणि ते ‘सिट्रिन’, ‘सिट्रिमॅक्स’ अशा नांवांनीं खपूं लागले.

जाहिरातींत आणखी एक गोष्ट हमखास येई: प्राचीन हिंदी लोक ह्या फळाचा मेद झडविण्याकरितां उपयोग करीत. ह्याला आधार काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय स्थौल्यावरच आहे. अतिस्थूल माणसाला चरक निंद्य पुरुषांत घालतो, त्याच्या भुकेचें, घामाचें व अशक्तपणाचें वर्णन करतो, आणि पोटाला जड पण पोषणाला हलकें असें अन्न त्याला द्यावें असा मोठा मार्मिक सिद्धांत मांडतो. तेथें गुळवेल आहे, नागरमोथा आहे, त्रिफळा, ताकाचें अरिष्ट, मध व जव आहेत. जागरण, श्रम व चिंता ह्यांचीहि शिफारस आहे. परंतु वृक्षाम्लाला त्या यादींत जागा नाहीं. मलबारच्या आया मुलांना जें कालवण वाढीत, तें मुलें रोड व्हावीं म्हणून नव्हे. व्यापाऱ्याला प्राचीनत्व पाहिजे होतें, तें त्यानें स्वतःच तयार केलें.

मग एकदांची नीट परीक्षा झाली. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयांत डॉ. हेम्सफील्ड व त्यांचे सहकारी ह्यांनीं १३५ लठ्ठ माणसें घेतलीं. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटास रोज १,५०० मिलिग्रॅम अम्ल पोटांत जाईल इतका अर्क दिला, दुसऱ्यास हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. कोणास काय मिळत आहे हें घेणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं आणि देणाऱ्यालाहि नाहीं. दोन्ही गटांस कमी उष्मांकांचा व पुष्कळ चोथ्याचा आहार सांगितला. असें बारा आठवडे चाललें. शेवटपर्यंत टिकलीं तीं ८४ माणसें. इतकीं मध्येंच गळालीं ह्यावरून पथ्य पाळणें किती कठीण असतें हेंहि दिसतें. निकाल १९९८ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत छापला गेला. अर्क घेणाऱ्यांचें वजन सरासरीनें ३.२ किलो उतरलें. पोकळ गोळी घेणाऱ्यांचें ४.१ किलो! हा फरक इतका लहान होता, कीं तो केवळ योगायोगाचा मानावा लागतो. म्हणजे अर्कानें वजन वाढतें असा त्याचा अर्थ नव्हे. अर्कानें कांहींच होत नाहीं, जें उतरलें तें आहारानें उतरलें, एवढाच त्याचा अर्थ.

उंदरांत जें दिसलें तें माणसांत कां दिसूं नये, ह्याचें उत्तर त्या उंदरांच्या ताटांतच आहे. साखरेवर ठेवलेल्या उंदराला आपली चरबी साखरेपासूनच घडवावी लागते, म्हणून तें फाटक अडविलें कीं त्याचें काम अडतें. माणूस तूप, तेल, खोबरें, मांस खातो. ती चरबी तयारच असते, आणि ती त्या फाटकाशीं न जातां सरळ कोठारांत जाऊन पडते. नेहमींच्या मिश्र आहारांत माणसाचें शरीर साखरेची चरबी फारच थोडी करतें. ज्या वाटेनें रहदारीच नाहीं तिच्यावर पहारा बसवून काय मिळणार? शिवाय मात्रेचाहि हिशेब पाहण्याजोगा आहे. १,५०० मिलिग्रॅम अम्लास वाळलेली साल पांच ते पंधरा ग्रॅम लागते. घरांतल्या सगळ्या माणसांच्या कालवणास जेवढी पुरावी तेवढी साल एकट्या माणसानें रोज गिळावयाची, असा हा प्रकार होतो. आणि ‘शेंकडों वर्षें लोक खात आले आहेत’ हें आश्वासन येथें लंगडें पडतें.

१९९८ च्या निकालानें व्यापार थांबला नाहीं. तो थांबण्याचें कारणहि नव्हतें, कारण गोळीचा खप परीक्षेवर अवलंबून नव्हताच. ह्या बाजारांत त्या वेळीं दुसऱ्या एका वनस्पतीचें राज्य होतें, ती म्हणजे चीनची मा-हुआंग. तिच्यांतील एफेड्रिन हें द्रव्य जपानी शास्त्रज्ञ नागाई ह्यांनीं १८८५ सालीं वेगळें काढलें. दम्यावर तें उपयोगी, पण हृदयाची गति व रक्ताचा दाब वाढविणारें. वजनासाठीं तें घेतां घेतां माणसें मरूं लागलीं. २००३ च्या फेब्रुवारींत स्टीव्ह बेक्लर नांवाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावाच्या मैदानावर उष्माघातानें कोसळून वारला, आणि त्याच्या शरीरांत ह्या द्रव्याचा अंश आढळल्यावर लोकमत खवळलें. २००४ च्या एप्रिलपासून अमेरिकेंत एफेड्राच्या आहारपूरक गोळ्यांस बंदी झाली. १९९४ च्या कायद्याखालीं एखाद्या पदार्थावर घातलेली ही पहिलीच बंदी.

एफेड्रा गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागीं दुसऱ्या वनस्पती आल्या, आणि त्यांत कुडमपुळीहि होती. ‘हायड्रॉक्सिकट’ नांवाच्या खपाच्या मिश्रणाच्या कांहीं प्रकारांत हरित चहा वगैरेंच्या जोडीला तिचा अर्क असे. १ मे २००९ रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें लोकांना तें मिश्रण घेणें ताबडतोब थांबविण्याचा इशारा दिला. खात्याजवळ २३ तक्रारी आल्या होत्या. कोणास कावीळ, कोणाचें यकृत इतकें बिघडलेलें कीं दुसऱ्याचें यकृत बसवावें लागावें. आणि एक मृत्यु. कंपनीनें १४ प्रकारचा माल बाजारांतून परत घेतला आणि पुढें तो निराळ्या घटकांनीं बनवून विकला. दोष मिश्रणांतल्या कोणत्या घटकाचा, हें त्या वेळीं ठरलें नाहीं. कुडमपुळी निर्दोष आहे असें म्हणणारे शास्त्रज्ञहि पुढें आले. ठरावें तरी कसें? बाटलींत दहा वस्तु, प्रत्येकीचें प्रमाण गुलदस्तांत, आणि घेणाऱ्याचें यकृत तर एकच.

इतकें होऊनहि २०१२ सालीं मेहमेत ओझ ह्या प्रख्यात शल्यवैद्यांनीं दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमांत ह्या फळाची जोरदार वाखाणणी केली आणि त्याचा खप एकदम वाढला. १७ जून २०१४ रोजीं सिनेटच्या एका उपसमितीपुढें त्यांना ह्याचा जाब द्यावा लागला. तेथें अध्यक्षा क्लेअर मॅकॅस्किल ह्यांनीं त्यांच्याच कार्यक्रमांतलीं वाक्यें त्यांना वाचून दाखविलीं. खाली मान घालण्याजोगाच तो प्रसंग होता. पण तोंवर माल घरोघर पोंचलेला होता. त्याच्या तीन वर्षें आधीं, २०११ सालीं, इंग्लंडांत एक्झिटर येथील संशोधकांनीं तोंवरच्या १२ परीक्षा गोळा करून त्यांतील ९ एकत्र तोलल्या होत्या. त्यांत अर्क घेणाऱ्यांच्या बाजूनें फरक पडला तो सरासरी ०.८८ किलोचा, आणि परीक्षांपैकीं चांगल्या तेवढ्याच धरल्या तर तोहि टिकेना.

यकृताचा प्रश्न मात्र हळूहळू उलगडत गेला. औषधांनीं होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेंतील संशोधकांच्या मंडळानें २०२२ सालीं अशा २२ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील ५ जणांनीं नुसता कुडमपुळीचा अर्क घेतला होता. बहुतेक बाकीच्यांनीं हरित चहासह. ह्या रोग्यांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सामान्य लोकांपेक्षां पुष्कळ अधिक आढळली. म्हणजे हजारोंना जें निमूटपणें पचतें तें कांहीं थोड्यांच्या यकृतावर उलटतें, आणि आपण त्या थोड्यांपैकीं आहों कीं नाहीं हें बाटली विकत घेणाऱ्याला कळण्याची सोय नाहीं.

लोवेनस्टाईन ह्यांनीं दाखविलेलें तें फाटक मात्र निरुपयोगी ठरलें नाहीं. त्याच एन्झाइमला अडविणारें बेम्पेडोइक अम्ल नांवाचें कृत्रिम औषध अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०२० च्या फेब्रुवारींत मान्य केलें, तें सगळ्या परीक्षा होऊन, वैद्याच्या चिठ्ठीनें घ्यावयाचें म्हणून. तें दिलें जातें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविण्याकरितां. वजनाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.